अंधाराची पाटी, प्रकाशाची लेखणी

नाताळच्या वा दिवाळीच्या रात्री अंगणात फुलबाज्या पेटतात, तेव्हा मुले एक खेळ हटकून खेळतात. पेटती फुलबाजी हवेत झरझर फिरवून कोणी वर्तुळ काढते, कोणी आपल्या नावाचे पहिले अक्षर गिरवते. अक्षर पुरते होण्याआधीच त्याची सुरुवात विरून गेलेली असते. दोष मुलाच्या हाताचा नसतो. आपल्या डोळ्यांची स्मरणशक्तीच तोकडी. तेजाचा ठसा दृष्टिपटलावर सेकंदाच्या लहानशा अंशापुरता टिकतो आणि पुसला जातो. छायाचित्राच्या काचेचा स्वभाव मात्र निराळा आहे. तिच्यावर एकदा पडलेला प्रकाश ती विसरत नाही. भिंगामागची झडप उघडी आहे तोवर जेवढे म्हणून तेज आत येईल, तेवढे ती एकावर एक साठवीत जाते. अंधारात फिरणाऱ्या दिव्याची सारी वाट तिच्यावर उमटते आणि झडप मिटल्यावर ते विरलेले अक्षर सबंधच्या सबंध हाती येते.

काचेच्या ह्या धारणाशक्तीवर एक कला उभी राहिली. इंग्रजीत तिला 'लाइट पेंटिंग' म्हणतात. आम्ही ह्या लेखापुरते तिला 'प्रकाशरेखन' म्हणू. सेमिनरीत ज्यांनी ग्रीक भाषेची बाराखडी गिरवली आहे त्यांना ठाऊक असेल की, 'फोटोग्राफी' ह्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'प्रकाशाने लिहिणे' असा आहे. तो अर्थ अक्षरशः खरा करून दाखविणारी मंडळी मात्र छायाचित्रणाच्या जन्मानंतर पन्नासएक वर्षांनी पुढे आली. त्यांत शरीरशास्त्रज्ञ होते, अभियंते होते, चित्रकारही होते.

त्यांची हकीगत सांगण्यात आमचा हेतू केवळ कुतूहल शमविण्याचा नाही. प्रकाशरेखनाच्या चित्रात दिवा दिसतो, दिवा धरणारा बहुधा दिसत नाही. माणूस पुसला जातो आणि त्याच्या हालचालीची खूण तेवढी उरते. मग ती खूण कोणी, कोणासाठी आणि कशाकरिता राखून ठेवली, हा प्रश्न विचारणे प्राप्त होते. माणसाचे दुखणे समजून घेण्याचा, त्याच्याकडून अधिक काम काढून घेण्याचा आणि त्याच्या प्रतिभेला मोकळे अंगण देण्याचा, असे तिन्ही उद्योग ह्या एकाच युक्तीने झाले आहेत.

जे थांबले तेच उमटले

आरंभीचे सारे छायाचित्रण दीर्घ मुदतीचेच होते. ती कलावंतांची निवड नव्हती, रसायनांची मंदगती होती. फ्रान्समधील निसेफोर निएप्स ह्याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतलेले चित्र हे आज उपलब्ध असलेले निसर्गदृश्याचे सर्वांत जुने छायाचित्र. त्यासाठी धातूचा पत्रा निदान आठ तास, कदाचित त्याहून पुष्कळ अधिक काळ, उजेडात ठेवावा लागला. तेवढ्या अवधीत सूर्य आकाश ओलांडून गेला. म्हणून त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंती उन्हात न्हालेल्या दिसतात. कोणत्याही एका क्षणी कोणाही माणसाला न दिसलेले ते दृश्य आहे. एक सबंध दिवसच त्या पत्र्यावर गोळा झाला आहे.

पुढे १८३८ मध्ये लुई दागेर ह्याने पॅरिसच्या 'बुल्वार द्यू ताँप्ल' ह्या रस्त्याचे छायाचित्र उंचावरून घेतले. रस्ता गजबजलेला होता, घोडागाड्या धावत होत्या, माणसांची ये-जा चालू होती. पण चित्रात रस्ता ओस पडलेला आहे. हलणारे काहीच काही मिनिटांच्या त्या अवधीत पत्र्यावर ठरले नाही. फक्त कोपऱ्यात एक माणूस उभा आहे. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी तो एक पाय वर ठेवून थांबला होता. त्याच्या पायाशी वाकलेल्या पॉलिशवाल्याची आकृतीही अंधूकशी ओळखू येते. तारायंत्राचे संशोधक सॅम्युअल मोर्स ह्यांनी १८३९ च्या मार्च महिन्यात पॅरिसमध्ये दागेरची ही किमया पाहिली आणि आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात ह्या रिकाम्या रस्त्याचे व बूट घासून घेणाऱ्या माणसाचे आवर्जून वर्णन केले. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून हा अनामिक गृहस्थ प्रसिद्धी पावला. आम्हांला मात्र त्याच्या पायाशी वाकलेल्या दुसऱ्या अनामिकाचे अगत्य अधिक वाटते. गाडीघोड्यांतून जाणाऱ्या प्रतिष्ठितांपैकी एकाचाही मागमूस उरला नाही, आणि पोटासाठी रस्त्याच्या कडेला बसलेला हा श्रमिक इतिहासात शिरला.

अंधाराशी पहिली मोठी झुंज घेतली ती पॅरिसच्याच नादार ह्याने. शहराखालच्या भुयारांत जुन्या दफनभूमींतून हलविलेल्या लक्षावधी मृतांच्या अस्थी रचून ठेवलेल्या आहेत. सूर्याचा किरण कधी न शिरलेल्या ह्या 'कॅटाकोम्ब' मध्ये नादारने १८६१-६२ च्या सुमारास विजेचे दिवे उतरविले आणि चित्रे घेतली. एका चित्राला १८ मिनिटे लागत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. अस्थी वाहून नेणारा कामगार चित्रात हवा होता. पण १८ मिनिटे जिवंत माणूस निश्चल कसा राहणार? तेव्हा नादारने कामगाराच्या वेशातला पुतळा उभा केला. दीर्घ मुदतीच्या छायाचित्रणात जिवंत माणसाची अडचण ही अशी होती. तो श्वास घेतो, हलतो, म्हणून तो नकोसा.

पुढच्या मंडळींनी हा विचार उलटा फिरविला. हलणे हीच जर अडचण, तर हलणाऱ्यालाच दिवा का बांधू नये?

युक्ती कशी चालते

पुढचा भाग नीट समजावा म्हणून ह्या युक्तीचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. खोली अंधारी करावयाची, कॅमेरा तिवईवर पक्का ठेवावयाचा आणि त्याची झडप, म्हणजे शटर, दहा, वीस, तीस सेकंद किंवा हवी तेवढी मिनिटे उघडी ठेवावयाची. ह्या मुदतीला छायाचित्रकार 'एक्स्पोजर' म्हणतात. अंधारी खोली म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर लहानसा दिवा जिथून जिथून जाईल, तिथे तिथे रेघ उठते. दिवा धरणाऱ्याने काळे कपडे घातले, स्वतःच्या अंगावर उजेड पडू दिला नाही आणि तो फिरता राहिला, तर तो चित्रात येतच नाही.

ह्यात दोन प्रकार संभवतात. दिव्याचे तोंड कॅमेऱ्याकडे असेल तर दिव्याची रेघ उमटते. दिव्याचे तोंड वस्तूकडे असेल तर त्या झोताने वस्तू जणू रंगविली जाते: आधी भिंत, मग झाड, मग पायरी. कुंचल्याने रंग द्यावा तसा उजेड द्यावयाचा. पहिल्या प्रकारातील एक गमतीची गोष्ट अशी की, रेघेचा ठळकपणा झडप किती वेळ उघडी आहे ह्यावर अवलंबून नसतो. तो दिव्याच्या तेजावर, भिंगाच्या छिद्रावर आणि हाताच्या गतीवर ठरतो. हात सावकाश गेला तर रेघ जाड व प्रखर, झपाट्याने गेला तर बारीक व फिकी. बोरूने कित्ता गिरविताना दाब कमीजास्त व्हावा तशी. म्हणजे रेघेत नुसता आकार नसतो, वेगाचाही हिशेब असतो. हा हिशेब वाचता येतो हे ज्यांच्या ध्यानी आले, त्यांनी ह्या कलेचा पाया घातला. आज फिल्म जाऊन तिच्या जागी कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक पटल आले आहे, आणि पुष्कळशा मोबाइल फोनवरही अशी दीर्घ मुदत साधता येते. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

दुखऱ्या पावलांचा आलेख

एतिएन-ज्यूल मारे (१८३०-१९०४) हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. नाडी कशी उडते, पक्षी कसा उडतो, घोडा कसा दौडतो, हे पाहून त्याचे समाधान होत नसे. ते कागदावर उमटले पाहिजे, असा त्याचा आग्रह. पॅरिसच्या सीमेवरील बुआ द बुलोन्य ह्या उपवनात १८८२ मध्ये त्याची 'शरीरक्रिया प्रयोगशाळा' उभी राहिली. तेथे त्याने एकाच काचेवर लागोपाठ अनेक ठसे घेण्याचे तंत्र विकसित केले. मात्र ठशावर ठसा पडून गोंधळ होऊ लागला. त्यावर त्याने काढलेला तोडगा मोठा मार्मिक होता. माणसाला नखशिखान्त काळा पोशाख घालावयाचा आणि हातापायांवरून पांढऱ्या पट्ट्या व सांध्यांवर चकाकणाऱ्या गुंड्या लावावयाच्या. काळ्या पार्श्वभूमीवर माणूस नाहीसा झाला आणि त्याची चाल तेवढी शिल्लक राहिली.

पुढचे पाऊल मारेचा साहाय्यक जॉर्ज दमेनी ह्याच्या सहकार्याने पडले. विजेचे लहान दिवे तोवर उपलब्ध झाले होते. चालणाऱ्याच्या सांध्यांवर असे दिवे बांधून १८८९ मध्ये एक चित्र घेण्यात आले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'विकारग्रस्त चाल, समोरून पाहिलेली' असा होतो. प्रकाशरेखनाचे सर्वांत आरंभीचे ज्ञात उदाहरण म्हणून आज जगभर ह्याच चित्राचा उल्लेख होतो. काळ्या पटावर पांढऱ्या लहरी वेड्यावाकड्या वळणांनी पुढे सरकतात. निरोगी चालीत जी लय असते ती इथे मोडलेली आहे.

ह्या कलेच्या थोरल्या लेकराचा जन्म चित्रशाळेत झाला नाही, दुखऱ्या शरीराच्या अभ्यासातून झाला, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते. लंगडणाऱ्या माणसाकडे लोक पाहतात, कधी हसतात, कधी हळहळतात. पण त्याचा पाय नेमका कोठे अडतो हे पाहण्यासाठी लागणारी सबुरी डोळ्यांपाशी नसते. ती ह्या काचेपाशी होती. इथे माणूस पुसला गेला हे खरे, परंतु त्याचे दुखणे पुसले गेले नाही. दुखणे वाचता यावे म्हणूनच बाकीचा उजेड मालवला होता.

कामगाराचे बोट

त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी हीच युक्ती अमेरिकेत कारखान्याच्या दारी गेली. फ्रँक गिलब्रेथ ह्याने वयाच्या सतराव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली होती. वीट रचणारा गवंडी दिवसभरात शेकडो वेळा उगाच वाकतो हे त्याने पाहिले. विटांची फळी हव्या त्या उंचीवर आणणारा पराती त्याने बनविला, आणि एका विटेमागे लागणाऱ्या १८ हालचाली साडेचारावर आणल्या. त्याची पत्नी लिलियन ही मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेली विदुषी आणि बारा मुलांची आई. ह्या दांपत्याने १९१३ च्या सुमारास कामगारांच्या बोटांना लहान विजेचे दिवे बांधले, मागे चौकटी आखलेला पडदा लावला आणि झडप उघडी ठेवून त्यांच्या कामाची प्रकाशरेखा टिपली. पुढे त्यांनी दिवा ठरावीक अंतराने विझेल आणि पेटेल अशी व्यवस्था केली. तेव्हा अखंड रेघेऐवजी तुटक ठिपके उमटू लागले. ठिपके मोजले की वेळ कळे, त्यांच्यातील अंतरावरून वेग कळे आणि प्रत्येक ठिपक्याच्या निमुळत्या टोकावरून दिशा कळे. ह्या रेघांवरून ते तारेचे नमुनेही वाकवून तयार करीत, म्हणजे नवशिक्याला कसबी हाताची वाट बोटाने चाचपून पाहता यावी.

इथे आमच्या मनात दोन विचार झगडतात. गिलब्रेथ दांपत्याला कामगाराच्या थकव्याची खरी कळकळ होती. १९१६ मध्ये त्यांनी थकवा ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. कामाच्या जागी बसावयास योग्य खुर्ची आणि विश्रांतीचा वेळ हवा असे ते आग्रहाने सांगत. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा उद्योगाला लागता यावे म्हणून त्यांनी हेच तंत्र राबविले आणि १९२० मध्ये अपंगांसाठीच्या हालचालींच्या अभ्यासावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९२४ मध्ये फ्रँक वारला. त्यानंतर लिलियनने हा अभ्यास स्वयंपाकघरात नेला. ओटा, कपाट, भांडी कोठे असावीत म्हणजे गृहिणीची, विशेषतः अपंग वा आजारी गृहिणीची, पायपीट वाचेल, ह्याचा तिने विचार केला.

परंतु नाण्याला दुसरी बाजू होती. कामाचा 'एकमेव सर्वोत्तम मार्ग' असतो आणि तो प्रत्येकाने गिरवावा, हा ह्या अभ्यासामागचा सिद्धान्त. त्याच काळात फ्रेडरिक टेलर ह्याच्या पंथाचे लोक घड्याळ हाती घेऊन कामगारांच्या मागे उभे राहत होते. १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात ओतकाम करणाऱ्यांनी ह्या घड्याळाविरुद्ध काम बंद ठेवले. गिलब्रेथ दांपत्याचे टेलरपंथीयांशी मतभेद होते, आपली रीत घड्याळापेक्षा माणुसकीची आहे असे त्यांचे म्हणणे होते. तथापि कामगाराच्या बाजूने पाहिले तर एक प्रश्न उरतोच. वाचलेल्या हालचालींचा लाभ कोणाच्या पदरी? वाचलेला वेळ त्याला विसाव्यासाठी मिळणार, की त्याच वेळात आणखी नग काढून घेतले जाणार? ती चित्रे आज पाहताना हातांभोवती गुंतलेली तेजस्वी भेंडोळी मन वेधून घेतात; कामावर वाकलेला चेहरा मात्र पुष्कळदा धूसर असतो. चित्राने बोट राखले, धनी हरवला. ज्याचे बोट आहे त्याला विचारल्याविना काढलेल्या रेघेत कितीही गणित असले, तरी न्याय असेलच असे नाही.

लपविलेली सही

चित्रकारांना ह्या तंत्राचा मोह पडला तो १९३० नंतरच्या काळात. मॅन रे हा अमेरिकेत जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला कलावंत. १९३५ मध्ये त्याने कॅमेऱ्यासमोर उभे राहून, लहानशी विजेरी लेखणीसारखी धरून हवेत वळसे काढले आणि त्या चित्रमालेला 'अवकाशलेखन' अशा अर्थाचे नाव दिले. धूसर चेहऱ्यासमोर भोवऱ्यासारखी फिरलेली शुभ्र रेघ. लोकांनी तो निव्वळ मनाचा खेळ मानला. चौऱ्याहत्तर वर्षांनी, २००९ मध्ये, एलन कॅरी ह्या अमेरिकन छायाचित्रकर्तीला शंका आली. तिने ते चित्र आरशासमोर धरले आणि त्या गुंत्यातून मॅन रेची सही वाचता आली. कामगाराचे नाव ज्या तंत्रात हरवले होते, त्याच तंत्रात एका कलावंताने आपले नाव दडवून ठेवले होते.

१९४० मध्ये बार्बरा मॉर्गन ह्या अमेरिकन छायाचित्रकर्तीने अशीच एक प्रकाशरेखा टिपली. नर्तकी मार्था ग्रॅहॅम हिच्या नृत्याची चित्रे घेऊन तिने नाव मिळविले होते. ह्या प्रकाशरेखेला तिने जे नाव दिले ते आपल्या परिचयाचे आहे: 'समाधी'. मराठी माणसाला ह्या शब्दासरशी आळंदी आठवेल. देह स्थिर झाला आणि गती तेवढी तेजोरूपाने राहिली, असा काही अर्थ त्या अमेरिकन बाईंना ह्या संस्कृत शब्दात सापडला असावा, असे आम्हांला वाटते.

वालोरिसची पंधरा मिनिटे

प्रकाशरेखनाचे जगातील सर्वांत गाजलेले चित्र मात्र १९४९ सालचे. ते घेणारा ग्योन मिली १९०४ मध्ये, मारेच्या मृत्यूच्याच वर्षी, अल्बानियातील कोर्चा येथे जन्मला. तरुणपणी तो अमेरिकेस गेला, मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रसंस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकला आणि काही वर्षे दिव्यांच्या संशोधनात नोकरी करून छायाचित्रणाकडे वळला. क्षणाच्या सूक्ष्म अंशापुरता चमकणारा दिवा वापरणारे हॅरल्ड एजर्टन हे त्याचे मार्गदर्शक. पुढे 'लाइफ' ह्या सचित्र साप्ताहिकासाठी तो काम करू लागला. बर्फावर घसरत नाचणाऱ्या खेळाडूंच्या बुटांना लहान दिवे बांधून त्याने अंधारात त्यांच्या नृत्याच्या रेघा टिपल्या होत्या.

तीच चित्रे घेऊन तो दक्षिण फ्रान्समधील वालोरिस गावी पाब्लो पिकासोला भेटला. वालोरिस हे कुंभारकामाचे गाव. पिकासो तेथे मातीची भांडी घडविण्यात रमला होता. वय सदुसष्ट, कीर्ती शिखरावर, वेळ मोजका. 'लाइफ'च्या वृत्तान्तानुसार त्याने मिलीला एका प्रयोगापुरती पंधरा मिनिटे देऊ केली. पहिला प्रयोग पाहताच म्हातारा लहान मुलासारखा हरखला आणि त्याने पुढे पाच बैठका दिल्या. त्यांत सुमारे तीस चित्रे हवेत काढली गेली: अर्धा माणूस अर्धा घोडा असे ग्रीक पुराणातले सेंटॉर, बैल, ग्रीक धाटणीचे चेहरे आणि स्वतःची सही. खोली अंधारी केलेली, दोन कॅमेरे उघडे, एक समोरून, एक बाजूने. हातातील विजेरीने पिकासो झरझर रेघ ओढी; फ्लॅशच्या एका लखलखाटात तो स्वतःही चित्रात येई.

चित्रकलेच्या दृष्टीने ह्यात किती कठीण कसोटी आहे ते ध्यानी घ्यावे. कागदावर काढताना मागची रेघ दिसते. ती पाहून पुढची ठरते. इथे मागे वळून पाहावे तो काळोख. बैलाची शिंगे कोठे संपवली हे हातानेच लक्षात ठेवावयाचे. खोडता येत नाही, दिवा मालवल्याखेरीज रेघ तोडता येत नाही. चाचपडणाऱ्याला इथे थारा नाही. ज्याचा हात साठ वर्षे रोज कागदावर फिरला आहे, त्याच्याच हातून अंधारात शेपूट योग्य जागी येते. 'लाइफ'ने ३० जानेवारी १९५० च्या अंकात ही चित्रे छापली आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती मांडली गेली.

मिलीने इथे एक मोठी गोष्ट साधली, असे आमचे मत आहे. साठ वर्षे ह्या तंत्राने रेघ राखली होती आणि माणूस वगळला होता. मिलीच्या चित्रात रेघ आहे आणि रेघेमागे डोळे विस्फारून वाकलेला माणूसही आहे. करणारा आणि त्याची करणी एकाच काचेवर बसली.

न दिसणारी हवा

ही कला संग्रहालयांतच राहिली असती तर आमचा लेख इथेच आटोपला असता. पण आमच्या काळात तिने पुन्हा मारेची वाट धरली. २०११ मध्ये नॉर्वेतील ऑस्लो शहरात तिघा संशोधकांनी चार मीटर उंचीच्या काठीवर ८० लहान दिवे बसविले. भोवतालच्या वाय-फाय लहरींचे बळ असेल तितके दिवे पेटत. काठी घेऊन चालत गेले की चित्रात रस्त्यावर उजेडाचा चढउतारांचा पडदा उभा राही. जे डोळ्यांना कधीच दिसत नाही ते दिसले.

ह्याच कल्पनेला गांभीर्य दिले ते रॉबिन प्राइस ह्या कलावंताने आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस पोप ह्यांनी (आडनावाने पोप, पदाने नव्हेत). हवेत तरंगणारे अडीच मायक्रोमीटर वा त्याहून लहान कण, ज्यांना 'पीएम २.५' म्हणतात, माणसाच्या केसाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे बारीक असतात आणि फुप्फुसांत खोलवर जातात. प्राइस ह्यांनी हे कण मोजणारे उपकरण दिव्यांच्या काठीला जोडले. हवेत कण जितके अधिक तितके दिवे अधिक वेगाने लुकलुकतात. काठी घेऊन कलावंत कॅमेऱ्यासमोरून चालत जातो. तो हलता असल्यामुळे चित्रात येत नाही, आणि हवेत प्रकाशाच्या ठिपक्यांचा सडा तेवढा राहतो. दाट ठिपके म्हणजे दूषित हवा. भारत, इथियोपिया आणि ब्रिटन ह्या तीन देशांत ही चित्रे घेण्यात आली, आणि २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' ह्या शास्त्रीय नियतकालिकात ह्या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

त्यांतली दोन चित्रे आपल्या देशातील मुलांच्या क्रीडांगणांची आहेत: एक दिल्लीतले, दुसरे सुमारे ५०० किलोमीटरवरच्या हिमाचलातील पालमपूरचे. दिल्लीच्या चित्रात ठिपक्यांची दाटी आहे, पालमपूरच्या चित्रात ते विरळ आहेत. मोजणीच्या वेळी पालमपूरच्या हवेत हे कण दिल्लीच्या साडेबारा पटींनी कमी भरले. इथियोपियातील एका स्वयंपाकघरात लाकूडफाट्याची चूल पेटलेली असताना आतल्या हवेत हे कण बाहेरच्या हवेच्या वीस पटींपर्यंत आढळले. चुलीपुढे फुंकणी घेऊन डोळे पुसणारी आई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. धूर दिसे तोवर त्याची चर्चा होई. धूर ओसरला की मागे राहिलेल्या बारीक कणांचे कोणाला काय? आकडे सांगून लोक हलत नाहीत, कारण आकड्यांना अंगण नसते. चित्रात अंगण आहे, झोपाळा आहे आणि झोपाळ्याभोवती मुलांच्या श्वासात जाणारा कण न् कण उजळलेला आहे.

एकशे पस्तीस वर्षांचा हा प्रवास पाहिला म्हणजे आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडेफार हाती लागते. दिवा धरणारा चित्रात दिसो वा न दिसो, त्याने दिवा कोणाकडे नेला ह्यावर त्या चित्राचे मोल ठरते. मारे आणि दमेनी ह्यांनी तो अडखळणाऱ्या पावलांशी नेला. गिलब्रेथ दांपत्याने तो कामगाराच्या बोटाला बांधला, आणि तिथे तो कधी कामगाराच्या कामी आला, कधी मालकाच्या. पिकासोने तो आपल्या आनंदासाठी नाचविला, आणि तो आनंद साऱ्या जगाला वाटून टाकला. प्राइस आणि पोप ह्यांनी तो मुलांच्या झोपाळ्यापाशी आणि परक्या आईच्या चुलीपाशी नेऊन उभा केला.

दिव्याखाली अंधार, अशी आपल्याकडे म्हण आहे आणि ती बहुधा दोष दाखविण्यासाठी वापरली जाते. प्रकाशरेखन करणारा मात्र त्या अंधारात जाणूनबुजून उभा राहतो. काळे कपडे घालून, अंगावर उजेड येऊ न देता, तो दिवा पुढे धरून चालत जातो. चित्र पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एरवी कोणाच्या नजरेस न पडलेले एखादे पाऊल, एखादे अंगण, एखाद्या लेकराच्या नाकाशी आलेली हवा तेवढी लोकांना दिसते, आणि एकदा दिसल्यावर तिच्याकडे पाठ फिरविणे पूर्वीइतके सोपे राहत नाही.